ट्रायल संपली, सबमिशन बाकी!

रात्रीचे दीड वाजलेत. सकाळी दहाला सबमिशन आहे. टाइमलाइन लॉक झाली, आवाज बसवून झाला, शेवटी आभाराच्या पाट्याही लागल्या. आता फक्त एक्स्पोर्टचं बटण दाबायचं आणि दोन तास झोप काढायची. तुम्ही बटण दाबता आणि स्क्रीनवर एक छोटी, अतिशय नम्र खिडकी उघडते: तुमचा मोफत वापराचा काळ संपला आहे.

मास मीडियाला असाल तर हा प्रसंग तुम्हाला सांगायलाच नको. पण हल्ली इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्टचा डेमो असो, एनएसएसच्या शिबिराचा व्हिडीओ असो की गॅदरिंगचा प्रोमो, व्हिडीओ सगळ्यांनाच करावा लागतो. त्यामुळे ही खिडकी आता सगळ्याच शाखांच्या वाट्याला आली आहे.

आमच्या वाट्याला ती शेवटच्या वर्षात आली. पाच जणांचा ग्रुप, नऊ मिनिटांची डॉक्युमेंटरी. विषय होता हातानं दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक पेंटर काका. फ्लेक्स आल्यापासून त्यांचं काम आटत गेलं होतं, तरी ब्रश खाली ठेवलेला नव्हता. तीन आठवडे आम्ही त्यांच्या मागेमागे फिरलो. एडिटिंगसाठी एका सॉफ्टवेअरची ट्रायल उतरवून घेतली. कापाकापी झाली, रंग सुधारले, सगळं नीट चाललं होतं. ट्रायलमधून काढलेल्या प्रत्येक व्हिडीओवर कंपनीचं नाव मधोमध उमटतं, हे आम्हाला शेवटच्या रात्री पहिल्यांदा एक्स्पोर्ट केल्यावर कळलं. आधी कुणी एक्स्पोर्ट करूनच बघितलं नव्हतं.

तसंच दाखवलं. दुसरा इलाज नव्हता. स्क्रीनिंगला काकांना बोलावलं होतं. ते पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. त्यांनी रंगवलेल्या एका पाटीचा क्लोज-अप आला. गेरूच्या रंगातली ती वळणदार अक्षरं, आणि त्यांच्यावरून आडवं गेलेलं सॉफ्टवेअरचं पांढरं नाव. काकांनी मागे वळून मला हळूच विचारलं, ‘‘हे कुणाचं नाव गं बाळा?’’

मला उत्तर देता आलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसले आणि लक्षात आलं की आपण रोज ‘ट्रायल’ हा शब्द वापरतो, पण तो व्यवहार नेमका काय असतो हे आपल्याला कुणी शिकवतच नाही.

ट्रायल म्हणजे फुकट नव्हे

ढोबळमानानं ट्रायलच्या मर्यादा तीन प्रकारच्या असतात. पहिली वेळेची: सात, चौदा किंवा तीस दिवस सगळं वापरा, मग दार बंद. अ‍ॅडोबीच्या प्रीमिअर प्रोची मोफत ट्रायल सात दिवसांची असते. दुसरी शिक्क्याची: हवे तितके दिवस वापरा, पण बाहेर पडणाऱ्या व्हिडीओवर कंपनीचं नाव. फिल्मोराच्या मोफत वापरात किंवा मोबाइलवरच्या काइनमास्टरमध्ये तुम्ही हा शिक्का पाहिला असेल. तिसरी कामाची: काही गोष्टी चालतात, काही नाहीत. म्हणजे ठरावीक रिझोल्यूशनच्या वर एक्स्पोर्ट होत नाही, ठरावीक मिनिटांपुढे फाइल बनत नाही किंवा एखादा फॉरमॅट यादीत दिसतो पण निवडता येत नाही.

तिन्हींमध्ये एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे अडवणूक बहुतेक वेळा दाराशी होते. आत येताना, फुटेज टाकताना, दहा रात्री जागताना कुणी अडवत नाही. अडवतात ते बाहेर पडताना, एक्स्पोर्टला. हा योगायोग समजू नका. पहिल्या दिवशी अडवलं तर तुम्ही दुसरं सॉफ्टवेअर उघडाल. दहाव्या दिवशी तुमची मेहनत त्यांच्या फाइलमध्ये अडकलेली असते, हाताला त्यांचे शॉर्टकट बसलेले असतात आणि डेडलाइन डोक्यावर असते. तेव्हा समोर आलेला ‘आता खरेदी करा’चा बटण दाबायची शक्यता सगळ्यात जास्त.

म्हणून ट्रायलची किंमत शून्य नसते. ती तुमच्या वेळेत आणि सवयीत वसूल होते. यात बेकायदा असं काही नाही. माल विकण्याची ती एक रीत आहे. पण बाजारात भाजी घेताना आपण जेवढे सावध असतो, तेवढे तरी इथे असायला काय हरकत आहे?

एन्कोडरवरच एवढा पहारा का?

आता थोडं गणित. घाबरू नका, दहावीच्या पलीकडचं नाही. फुल एचडीची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके, म्हणजे जवळपास २१ लाख. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट धरले तर एक फ्रेम साधारण ६ एमबीची होते. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे सुमारे १५५ एमबी. मिनिटाला नऊ जीबीच्या वर! आमची नऊ मिनिटांची फिल्म अशी कच्चीच ठेवायची म्हटली तर ८० जीबीहून जास्त जागा लागली असती.

प्रत्यक्षात ती पाचशे-सहाशे एमबीत बसते, कारण मधे एन्कोडर काम करतो. दोन फ्रेममध्ये जे बदललं नाही ते तो पुन्हा साठवत नाही. मागची भिंत तीच आहे, फक्त काकांचा हात हलला, तर हाताचीच नोंद ठेवतो. डोळ्याला कळणार नाही असा तपशील टाकून देतो. यूट्यूब साध्या एचडी व्हिडीओसाठी सेकंदाला ८ मेगाबिट एवढा बिटरेट सुचवतं. म्हणजे मिनिटाला साधारण ६० एमबी. नऊ जीबीचे साठ एमबी! सगळा ऑनलाइन व्हिडीओ या आकुंचनावर उभा आहे.

आणि हे आकुंचन कुणाच्या तरी पेटंटवर उभं आहे. एच.२६४ हा फॉरमॅट २००३ मध्ये आला. त्यातल्या तंत्रांची पेटंट अनेक कंपन्यांकडे होती. त्यांनी ती एकत्र करून ‘एमपेग एलए’ या संस्थेमार्फत परवाने द्यायला सुरुवात केली. एन्कोडर विकणाऱ्यांसाठी हिशेब असा होता: वर्षाला पहिल्या एक लाख प्रतींना फी नाही, पुढच्या प्रतींना प्रत्येकी २० सेंट, ५० लाखांच्या पुढे १० सेंट. २० सेंट ऐकायला किरकोळ वाटतात. पण लाखो लोकांनी ट्रायल उतरवून घेतली आणि त्यातल्या मूठभरांनीच विकत घेतली, तर बाकीच्यांचे पैसे कुणी भरायचे?

म्हणूनच अ‍ॅडोबीच्या जुन्या, सीएस मालिकेतल्या प्रीमिअर प्रोच्या ट्रायलमध्ये एमपेग कुटुंबातले काही कोडेक मिळतच नसत. ते दुसऱ्यांकडून परवान्यावर घेतले असल्यामुळे फक्त विकत घेतलेल्या आवृत्तीत मिळतील, असं कंपनी सांगत असे. बिचाऱ्या विद्यार्थ्याला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकतंय, सॉफ्टवेअर नीट इन्स्टॉल झालं नाही. खरं कारण त्याच्या लॅपटॉपमध्ये नव्हतं, परवान्याच्या करारात होतं.

ही पेटंटची कटकट मोठ्या कंपन्यांनाही नकोशी झाली. २०१३ मध्ये सिस्कोनं स्वतःचा एच.२६४ कोडेक मोफत वाटायचं जाहीर केलं आणि त्याची परवाना फी स्वतः भरायची तयारी दाखवली. २०१५ मध्ये गूगल, मोझिला, नेटफ्लिक्स, अ‍ॅमेझॉन वगैरे मंडळी एकत्र आली आणि २०१८ मध्ये एव्ही१ हा रॉयल्टीमुक्त म्हणून मांडलेला फॉरमॅट बाहेर आला. म्हणजे ‘एक्स्पोर्ट का होत नाही?’ या आपल्या रात्रीच्या प्रश्नामागे जगातल्या मोठ्या कंपन्यांचं भांडण आहे.

जुगाडाची किंमत

खिडकी उघडली की हॉस्टेलवर काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे. कुणीतरी म्हणतं, ‘‘लॅपटॉपची तारीख मागे घे ना.’’ कुणी म्हणतं, ‘‘नवीन ई-मेल काढ.’’ आणि एक जण नेहमीच असतो, ज्याच्या टेलिग्रामवर सगळं असतं. ‘‘थांब, क्रॅक टाकतो.’’

तारीख मागे घेण्याची युक्ती आज बहुतेक ठिकाणी चालत नाही. परवाना तुमच्या लॅपटॉपच्या घड्याळावर नव्हे, कंपनीच्या सर्व्हरवर तपासला जातो. उलट घड्याळ चुकलं की ब्राउझरला वेबसाइटांची सुरक्षा प्रमाणपत्रं खोटी वाटायला लागतात आणि साध्या साइटही उघडेनाशा होतात. नव्या ई-मेलनं पुन्हा पुन्हा ट्रायल घेणं बहुतेक कंपन्यांच्या अटींच्या विरोधात असतं, आणि अनेकदा लॅपटॉपच ओळखला जातो.

क्रॅकचं प्रकरण याहून गंभीर आहे. आधी कायदा बघू. कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम ६३ब सांगतं की सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत माहीत असताना वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. आर्थिक फायद्यासाठी किंवा धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंतचा दंड ठेवू शकतं. ‘मी तर स्टुडंट आहे’ म्हटल्यानं गुन्हा पुसला जात नाही, शिक्षा कमी होऊ शकते इतकंच. आणि त्याच क्रॅकवर तुम्ही शेजारच्या लग्नाचा व्हिडीओ पाच हजार रुपये घेऊन एडिट केलात, तर तो आर्थिक फायदाच झाला.

पोलीस हॉस्टेलच्या खोलीत येणार नाहीत, असं तुम्ही म्हणाल. कदाचित नाही येणार. पण व्हायरस येईल. ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ या नावानं ओळखलं जाणारं रॅन्समवेअर मुख्यतः क्रॅक आणि कीजेनमधून पसरलं. ते सगळ्या फाइल कुलूपबंद करतं आणि एक चिठ्ठी सोडतं: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिलेत तर निम्मे, ४९० डॉलर. हल्लेखोरांनी गिऱ्हाईक नेमकं ओळखलं होतं. ज्याच्याकडे सॉफ्टवेअरला पैसे नाहीत, पण ज्याच्या लॅपटॉपमध्ये त्याला जिवापाड असलेलं काम आहे! शिवाय क्रॅक टाकताना पहिली सूचना काय असते? ‘अँटिव्हायरस बंद करा.’ घरात चोर घ्यायचा आणि आधी कुत्र्याला बांधून ठेवायचं, अशातला हा प्रकार.

आम्ही त्या रात्री क्रॅक टाकला नाही, हे मी अभिमानानं सांगू शकत नाही. टाकायचाच होता. नेट स्लो होतं आणि डाउनलोड पूर्ण झालं नाही, एवढंच.

मोफत आणि कायदेशीर सॉफ्टवेअर घेतानाही डोळे उघडे हवेत. २०१७ च्या मे महिन्यात हँडब्रेक या मोफत एन्कोडरच्या डाउनलोड सर्व्हरांपैकी एकावर हल्ला झाला आणि चार-पाच दिवस मॅकवाल्यांना मूळ फाइलऐवजी ट्रोजन मिळत होता. २०२२ मध्ये आपल्याकडे व्हीएलसी प्लेअरची मूळ वेबसाइट अनेक महिने ब्लॉक होती. व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडीओलॅन संस्थेनं इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीनं सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये साइट पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात ज्याला व्हीएलसी हवा होता तो कुठे गेला असेल? सर्चमध्ये वर दिसणाऱ्या कुठल्याही साइटवर. अधिकृत दार बंद झालं की माणूस खिडकी शोधतो, आणि खिडकीपाशी कोण उभं आहे ते अंधारात दिसत नाही.

‘फ्री’साठी कार्ड कशाला?

आता पैशाची बाजू. माझ्या एका मैत्रिणीनं सात दिवसांच्या ट्रायलसाठी बाबांचं कार्ड टाकलं. प्रोजेक्ट झाला, ट्रायल विसरली. आठव्या दिवशी खात्यातून दीड हजाराच्या वर रक्कम गेली. गंमत म्हणजे आदल्या दिवशी बँकेचा मेसेज आला होता. तो बाबांच्या मोबाइलवर आला आणि बाबांनी फ्रॉड समजून डिलीट केला. घरी काय झालं असेल ते लिहीत नाही. पुढचे दोन महिने तिनं कँटीनमध्ये फक्त चहा घेतला.

तो मेसेज का आला, हे समजून घ्या. रिझर्व्ह बँकेचे आपोआप पैसे कापण्याबाबतचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले. कार्डावरून ठरावीक काळानं पैसे जाणार असतील तर किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं, आणि तिथूनच तो व्यवहार थांबवण्याची सोय द्यावी लागते. आधी पाच हजारांवरच्या व्यवहाराला दर वेळी ओटीपी लागायचा, २०२२ मध्ये ही मर्यादा १५ हजारांवर गेली. विद्यार्थ्यांची सबस्क्रिप्शनं त्याच्या खालीच असतात. म्हणजे ओटीपी विचारला जाणार नाही, आणि तुमच्या बाजूनं उभा असेल तो फक्त तो एक मेसेज. तो ज्याच्या मोबाइलवर जातो, त्याला आधी सांगून ठेवा.

दुसरा नियम आणखी थेट आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. डार्क पॅटर्न म्हणजे ग्राहकाला फसवून किंवा गोंधळात टाकून त्याच्याकडून नको ते करून घेणारी स्क्रीनची रचना. असे १३ प्रकार त्यात दिलेत. त्यातला एक आहे ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’. सबस्क्रिप्शन रद्द करणं मुद्दाम अवघड किंवा लांबलचक करणं, रद्द करायचं बटण लपवणं, आणि मोफत सेवेसाठी कार्डाचा तपशील किंवा आपोआप पैसे कापण्याची परवानगी सक्तीनं मागणं, हे सगळं त्यात येतं. ‘सास बिलिंग’ या दुसऱ्या प्रकारात ट्रायल संपून पैसे लागू होताना न कळवणं हेही आहे. भारतात नियमितपणे वस्तू किंवा सेवा देणाऱ्या सगळ्या प्लॅटफॉर्मना ही तत्त्वं लागू आहेत.

आता तुमच्या लॅपटॉपवरच्या किती ट्रायलांनी कार्ड मागितलं होतं, आठवा बरं. नियम आहे, पण तक्रार कुणी केलीच नाही तर तो कागदावरच राहणार. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. हा लक्षात ठेवायला सोपा आहे आणि तिथे तक्रार करायला वकील लागत नाही.

हे दुखणं आपल्यापुरतंच नाही. २०२४ च्या जूनमध्ये अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनच्या पुढाकारानं अ‍ॅडोबीवर खटला दाखल झाला. आरोप असा की ‘वर्षाचा करार, पैसे दरमहा’ या योजनेत मधेच सोडल्यास लागणारी मोठी रक्कम नीट दिसेल अशी सांगितली जात नव्हती आणि रद्द करणं किचकट ठेवलं होतं. कंपनीनं आरोप फेटाळले. पण आपल्यासाठी धडा स्पष्ट आहे: दरमहा पैसे जातात म्हणजे दरमहा सोडता येतं, असं नाही. करार किती महिन्यांचा आहे, ते आधी वाचा.

बिनशिक्क्याचे रस्ते

एवढं वाचून वाटेल की पैसे नसलेल्यानं व्हिडीओ करूच नये. तसं अजिबात नाही.

डाविंची रिझॉल्व्ह हे नाव तुम्ही ऐकलं असेल. एके काळी डाविंचीच्या रंगसुधारणेच्या यंत्रणा लाखो डॉलरच्या असायच्या आणि मोठ्या स्टुडिओंनाच परवडायच्या. ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅकमॅजिक डिझाइननं २००९ मध्ये ही कंपनी घेतली. आज रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती मिळते. तिला मुदत नाही, आणि पैसे देऊनच मिळणारे इफेक्ट वापरले नाहीत तर शिक्काही नाही. फोर-के यूएचडीपर्यंत, सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत एक्स्पोर्ट होतं. कॉलेजच्या कुठल्या प्रोजेक्टला याच्या वर लागतं? पूर्ण आवृत्तीची किंमत २९५ डॉलर, तीही एकदाच. कंपनीला हे परवडतं कारण ती कॅमेरे आणि इतर उपकरणं विकते. म्हणजे इथेही धर्मादाय काही नाही, पण या सौद्यात तुमची फिल्म ओलीस राहत नाही. अडचण एकच: रिझॉल्व्हला बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं. आणि लिनक्सवर मोफत आवृत्ती एच.२६४ वाचत नाही, म्हणजे मोबाइलचं बरंचसं फुटेज थेट चालत नाही.

लॅपटॉप जुना असेल तर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट बघा. दोन्ही ओपन सोर्स आहेत. ना मुदत, ना शिक्का, ना कार्ड. फक्त फाइल लहान करायची किंवा फॉरमॅट बदलायचा असेल तर हँडब्रेक पुरतं. ते एडिटर नाही, निव्वळ एन्कोडर आहे. २००३ मध्ये सुरू झालं आणि त्याची १.० आवृत्ती यायला २०१६ चा डिसेंबर उजाडला. तेरा वर्षं! आपलं सबमिशन तीन दिवस लांबलं तरी आपण हादरतो. व्हीएलसीमध्येही फाइल कन्व्हर्ट करण्याची सोय आहे, ती फारशी कुणी वापरत नाही. आणि यातल्या बहुतेकांच्या पोटात एफएफएमपेग नावाचं एकच इंजिन धावतं, जे २००० मध्ये फाब्रिस बेलार्द या फ्रेंच प्रोग्रामरनं सुरू केलं. व्हीएलसीची मुळं तर पॅरिसच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये आहेत, १९९६ सालच्या. आपल्यासारख्याच पोरांनी केलेला प्रोजेक्ट जगभर वापरला जातोय.

कॉलेजला एक प्रश्न

इथवर सगळी जबाबदारी आपल्यावरच टाकली. पण एक गोष्ट खटकते. अनेक अभ्यासक्रमांत एडिटिंगचा पेपर म्हणजे एका महागड्या सॉफ्टवेअरचा पेपर असतो. लॅबमध्ये ते असतं, पण लॅब संध्याकाळी बंद होते. पन्नास मुलांना दहा मशीन. मग उरलेलं काम घरी. घरी ते सॉफ्टवेअर नाही. म्हणजे अभ्यासक्रमच आपल्याला ट्रायलच्या दाराशी आणून सोडतो आणि क्रॅकच्या वाटेकडे पाठ करून उभा राहतो. माहीत सगळ्यांना असतं, बोलत कुणी नाही.

इंडस्ट्रीत तेच वापरतात, असं उत्तर मिळतं. त्यात तथ्य आहे. नोकरीच्या जाहिरातीत सॉफ्टवेअरचं नाव असतं. पण कट कुठे मारायचा, आवाज कुठे थांबवायचा, बिटरेट किती ठेवायचा, हे ज्याला कळलं त्याला दुसऱ्या सॉफ्टवेअरची बटणं शिकायला फार तर दोन आठवडे लागतात. त्यामुळे मागणी साधी आहे. लॅबच्या मशीनवर एखादं मोफत सॉफ्टवेअरही ठेवा, प्रॅक्टिकलला ते चालेल असं लेखी सांगा, आणि सबमिशनच्या आठवड्यात लॅब रात्री नऊपर्यंत उघडी ठेवा. यातल्या कशालाच मोठं बजेट लागत नाही. क्लास रिप्रेझेंटेटिव्ह असाल तर हा अर्ज उद्याच लिहा.

आजच अडकला असाल तर

शेवटी, ज्यांच्या डोक्यावर आत्ता डेडलाइन आहे त्यांच्यासाठी.

पहिल्याच दिवशी दहा सेकंदांचा व्हिडीओ एक्स्पोर्ट करून बघा. शिक्का आहे का, हवा तो फॉरमॅट आहे का, आवाज येतो का, सगळं तिथेच कळतं. आम्ही हे केलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

ट्रायल सुरू केल्याची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि संपण्याच्या दोन दिवस आधीचा गजर लावा. कार्ड दिलं असेल तर त्याच दिवशी रद्द करा. त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

मुदत संपण्याआधी टाइमलाइन एक्सएमएल किंवा ईडीएल फाइलमध्ये बाहेर काढून ठेवा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. दुसरीकडे उघडल्यावर कट जागेवर मिळतात. टायटल आणि इफेक्ट मात्र सहसा पुन्हा करावे लागतात.

आणि मूळ फुटेज वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा. सॉफ्टवेअर बंद पडतं, फुटेज नाही. ते हाताशी असेल तर फिल्म पुन्हा उभी राहते.

शिक्का पडलेला व्हिडीओ मात्र कापून किंवा धुरकट करून ‘स्वच्छ’ करायच्या भानगडीत पडू नका. चौकट बिघडते, पुन्हा एन्कोड केल्यानं चित्राचा दर्जा आणखी खाली जातो, आणि चोरी लपवल्यासारखं दिसतं ते वेगळंच.

आमचं फुटेज होतं. निकाल लागल्यानंतरच्या सुट्टीत आम्ही दोघी बसलो आणि नऊ मिनिटं पुन्हा पहिल्यापासून कापली, या वेळी मोफत सॉफ्टवेअरवर. बारा दिवस लागले. मार्क आता वाढणार नव्हते. पेनड्राइव्ह घेऊन काकांच्या दुकानात गेले. तिथे टीव्ही नव्हता, म्हणून माझ्याच लॅपटॉपवर लावलं. क्लोज-अप आला. गेरूची अक्षरं, मधे काही नाही. काका बघत राहिले आणि मग म्हणाले, ‘‘त्या ‘र’चा काना जरा वाकडा आलाय. तेव्हा दिसलाच नव्हता.’’